मधली तीन तारीख

सभागृहात खुर्च्या चारशे आणि माणसं सहाशे. उरलेली दोनशे आपापली आजारी पोरं कडेवर घेऊन भिंतींना टेकली होती आणि माना उंचावून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर आकडा होता चारशे ऐंशी. कवचगुरूंनी बोट हलवलं आणि शेजारी दुसरा उमटला, बाराशे. सभागृहाने एकदम श्वास आत घेतला.

"हे मी सांगत नाही, यंत्र सांगतंय," गुरू म्हणाले. "यंत्राला श्रद्धा नसते. या बाळीच्या रक्तातलं कवच चारशे ऐंशी होतं. भुकटीची एक पुडी दिली, बाराशे झालं. पेशी झोपल्या होत्या, मी नुसती हाक मारली."

गुरूंना शास्त्राचं वावडं नव्हतं. त्यांच्या तोंडून रेणूसुद्धा हात जोडून बाहेर पडत.

शेवटच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरबाईंनी अशा जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर बावीस वर्षं काम केलं होतं. त्यांच्या शोधनिबंधाचे एकूण वाचक, सहलेखक धरून, चौदा असावेत असा त्यांचा अंदाज होता. आज पंधरावा व्यासपीठावर सापडला. त्याने तो सगळ्यांत मन लावून वाचला होता.

गुरूंशेजारी वडिलांसोबत उभी असलेली सात वर्षांची मुलगी बाईंचीच पेशंट. येत्या सोमवारी तिला सुई लावायची होती आणि तिच्या वडिलांनी फोन करून कळवलं होतं, आता येत नाही. म्हणून बाई इथे आल्या होत्या.

त्या उठल्या आणि हातात रिपोर्ट घेऊन उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, त्या दोन रिपोर्टांवरच्या तारखा जरा वाचता का?"

"ताई," गुरू हसले, "कृपेला कॅलेंडर लागत नाही."

वडील कागद खिशात घालू लागले. मुलीने मात्र कागद ओढून घेतले आणि शाळेत वाचतात तसं वाचलं. "पहिला दोन तारखेचा. दुसरा चार तारखेचा." मग आपणहून म्हणाली, "तीन तारखेला मी डॉक्टरमावशीकडे होते. उजव्या हाताला सुई होती. मला चित्रच काढता आलं नाही."

"हिचं शरीर हे संरक्षण बनवतच नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातून ते वेगळं काढतात आणि दर चार आठवड्यांनी आम्ही हिच्या शिरेत सोडतो. आदल्या दिवशी आकडा सगळ्यांत खाली असतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वर. माझ्याच लेखातला तिसरा तक्ता. नाव नोंदवताना यांनी तुम्हाला सुईची तारीख आधी विचारली ना? टाकी आम्ही भरली, यांनी आत काठी बुडवून दाखवली."

काही माना हातातल्या रिपोर्टांकडे वळल्या. जमलं, असं बाईंना क्षणभर वाटलं.

मग पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे गुरूंची कृपा तुमच्या बाटलीतून येते, असंच ना बाई?"

गुरूंनी नम्रपणे डोळे मिटले. "मी श्रेय घेत नाही."

टाळ्या पडल्या.

वडील बाहेर व्हरांड्यात भेटले. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणं ही त्यांची नोकरी.

"मॅडम, तारखेशिवाय रीडिंग लिहिलं तर साहेब मला घरी बसवेल. तुम्ही उभ्या राहायच्या आधीच मला कळलं होतं."

"मग?"

"तुम्ही म्हणता जन्मभर सुई. ते म्हणतात अजून चार पुड्या." ते बुटांकडे बघत होते. "एकदा बघू द्या. या सोमवारी सुई नको. आकडा उतरला तर येतोच तुमच्याकडे."

"तो प्रयोग झालाय. अकरा मुलांची औषधं या ना त्या कारणाने बंद पडली होती. अकराही जणांचा आकडा उतरला. नऊ जण गंभीर आजारी होऊन परत आले, त्यातले पाचच जिवंत घरी गेले. पाचव्या पानावर आहे सगळं. तुमच्या मुलीवर तो पुन्हा करायची गरज नाही." बाईंचा आवाज चढला नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कुणावरच ठेवू नका. दोन कागद आहेत, दोन तारखा आहेत, मधे एक दिवस आहे. त्या दिवशी काय झालं, एवढंच स्वतःला विचारा."

वडिलांनी कागद जुन्याच घड्यांवर दुमडले. "बघतो," म्हणाले. बावीस वर्षांत बाईंनी हा शब्द पुष्कळदा ऐकला होता.

"मावशी, सोमवारी डावा हात हं," मुलगी म्हणाली. "उजव्याने चित्र काढायचंय."

सोमवारी आठ वाजता नर्सने बाटली फ्रीजमधून काढली. थंडगार देता येत नाही, थोडा वेळ बाहेर ठेवावी लागते. पलंगाच्या उजव्या बाजूला बाईंनी कोरा कागद आणि खडू ठेवले.

बारा वाजले.

"बाटली परत ठेवू का आत?" नर्सने विचारलं.

"राहू दे अजून."

बाहेरच्या बाकावर एक आई बसली होती. मांडीवर मूल, हातात दोन रिपोर्ट, पर्समधून डोकावणारी पुडी. "पुढची सुई बंद करायची, तेवढं सांगायला आले," ती म्हणाली.

बाईंनी तिला आत बसवलं, दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"आकडे नंतर. आधी तारखा वाचा."