मी तलासरीला गेले तेव्हा

मी काळजाची सोनोग्राफी करणारी एक जुनी इको मशीन आहे, आणि मी स्वतःच्या चाकांवर डहाणूहून तलासरीला जाऊन आले आहे. नाही ना विश्वास बसत, मित्रांनो? कुणाचाच बसत नाही.

नवी होते तेव्हा दवाखान्यात माझ्यापुढं नारळ फुटला, हार चढला. आता पडदा पिवळट झालाय, एक चाक कुरकुरतं, नवे डॉक्टर मला ‘आजीबाई’ म्हणतात. पण काळीज मला अजून लख्ख दिसतं.

स्तनाच्या कॅन्सरवरची काही औषधं काळजाला जड जातात. म्हणून ती सुरू होण्याआधी बायका माझ्याकडे येतात, डाव्या कुशीवर निजतात, थंडगार जेलीनं शहारतात. त्यांचं काळीज मी धडधडताना बघते. मग त्या पदर सावरून निघून जातात. पुढं कुणाचं काय झालं, हे मला कुणी सांगत नाही. दार वाजलं की मी आपली बघते, त्यातली एखादी परत आली का.

अशीच शुक्री आली. तलासरीकडच्या पाड्यावरची, घोलवडला चिकू भरायला जाणारी. चिकू दाबून पारखणाऱ्या तिच्या बोटांनाच स्वतःची गाठ लागली होती. तपासणी झाली तशी आमची नर्स संगीताताई आनंदानं म्हणाली, “शुक्री, छाती एकदम ठणठणीत आहे हां तुझी!”

“खरं, बाय?” शुक्रीचे डोळे भरले. तिनं मलासुद्धा हात जोडले आणि गेली.

औषध सुरू करायचा दिवस आला; शुक्री आली नाही. ताईनं फोन लावला तर म्हणते, “आता कशाला? छाती चांगली हाय ना? तूच बोललीस!”

“अगं, मी काळजाचं म्हटलं! गाठ आहे तिथंच आहे!” ताई ओरडली, पण तोवर फोन कटला होता.

मित्रांनो, मला राहवेना. प्लग उपसला नि निघाले. हायवेवर ट्रकवाल्यांनी थांबून वाट दिली. चाक दुखायला लागलं तेव्हा कंडक्टरनं मला बायकांच्या सीटवर बसवलं. पाड्यावर पोचले तर कोंबड्यासुद्धा काळीज तपासून घ्यायला रांगेत! मी तडक शुक्रीचा हात धरला आणि…

“कसा धरला? तुला हात तरी हायेत का?”

कोण बोललं म्हणून बघते, तर माझ्याच खाटेवर डाव्या कुशीवर निजलेली, डोक्याला रुमाल बांधलेली शुक्री!

“खोटारडी! ही संगीताताई आली होती स्कूटीवरून. पाड्याच्या चढावर घसरली, गुडघा फोडून घेतला, तरी मला मागं बसवून घेऊन आली. तू तर इथंच भिंतीला टेकून होतीस!” शुक्री हसत होती. “थापा पुरे. अर्धी औषधं झाली माझी, काळजाला झेपतात का ते बघ. आणि ताई, या खेपेला छाती नको बोलू!”