वाचून दाखवले

बुधाने नोटीस स्कूटरच्या सीटवर पसरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कागदाच्या कडा बोटांनी दाबून धरल्या. आशालताबाई अजून हेल्मेट काढत होत्या. वाडीतली सगळी माणसं चिंचेखाली उभी होती. म्हणजे आज कामावर कोणीच गेलं नव्हतं.

नोटीस वकिलाची होती. सुकापूरच्या मागे टेपावर, म्हणजे लहानशा टेकाडावर, कातकऱ्यांची अठरा घरं, तीन पिढ्यांपासूनची. पण सातबारा भगवान भोईरांच्या नावाचा. रहिवाशांनी स्वखुशीने जागा सोडण्याचे लेखी कबूल केले आहे, सबब महिनाअखेर जागा मोकळी करून द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. सोबत त्या कबुलीची झेरॉक्स होती. सतरा अंगठे आणि एक सही. शुक्री बुधा हिलम. चढावर चालल्यासारखी वर वर गेलेली अक्षरं. त्याखाली टाइप केलेली एक ओळ होती: वरील मजकूर सर्वांना वाचून दाखवला असून तो त्यांना समजला आहे. आणि त्या ओळीखाली आणखी एक सही.

"ही आमच्या बायकोची," बुधा म्हणाला. "तेवढं मला कळतं. पयली सही हिनं केली, मंग सगल्यांनी अंगठे दिले. खाली आनखी कोनाची हाय?"

"साक्षीदाराची," आशालताबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी घातली. "माझ्याकडे राहू दे. मी बघते."

शुक्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

परतताना पुलापाशी त्यांना स्कूटर बाजूला घ्यावी लागली. त्यांनी कागद पुन्हा उघडला. ती सही त्यांची होती. आशालता थोरात. 'थोरात'च्या शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली रेघसुद्धा झेरॉक्समध्ये स्वच्छ उमटली होती.

नवीन पनवेलमधल्या बॅप्टिस्ट चर्चच्या त्या अकरा वर्षांपासून पाळक होत्या. मंडळी लहान, दुकानांवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना व्हायची. बाई म्हणून सुरुवातीला नाकं मुरडणारेही होते. पण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्या कुठे असतात हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाची गरोदर सून दवाखान्यात न्यायची आहे, कोणाचा जातीचा दाखला अडला आहे, वीटभट्टीवरून आलेल्या पोरांना शाळेत परत घालायचं आहे. वाडीवर त्यांनी धर्माची गोष्ट क्वचितच काढली. मंगळवारी दुपारी बायकांचा वर्ग घेत. शुक्री त्यातली पहिली, जिला स्वतःचं पूर्ण नाव लिहिता आलं.

तो मार्चमधला मंगळवार होता. भगवानशेठचा मुलगा हितेश वर्ग चालू असतानाच आला. वाडीला नळाची लाइन येतेय, रहिवाशांची संमती लागते, असं त्याने सांगितलं. हितेश परका नव्हता. टाळेबंदीत धान्य पोहोचवायला त्याने स्वतःचा टेम्पो दिला होता. आशालताबाईंनी पहिलं पान वाचलं, त्यात नळाचंच होतं. चार वाजता मंडळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा दफनविधी होता आणि साडेतीन वाजून गेले होते. दुसरं पान त्यांनी उलटलं ते फक्त सही कुठे करायची हे बघायला. बायकांना म्हणाल्या, पाण्याचं आहे, करा. मग शुक्रीच्या हातात स्वतःचं पेन दिलं आणि ती सही करत असताना मोबाइलवर तिचा फोटो काढला. अंगठे झाल्यावर साक्षीदार म्हणून खाली स्वतः सही करून त्या निघाल्या. शुक्रीचा तो फोटो मंडळीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून आला.

घरी आल्यावर त्यांनी अहवालाचा गठ्ठा कपाटात आतल्या बाजूला सारला. प्रार्थनेला बसल्या, पण शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशी हितेशकडे गेल्या. तो दारातच उभा राहून अगदी आदराने बोलला. नळ येणारच होता की, नव्या जागेवर येईल, आणि तुम्ही वाचूनच सही केलीत ना, असं त्याने विचारलं. त्या स्कूटरकडे वळल्या.

त्यानंतरचे बारा दिवस त्या उन्हातान्हात फिरत राहिल्या. एका क्षयाच्या रोग्याला दाखल केलं, दोन पोरींचे शाळेचे प्रवेश केले, पावसाळ्याआधी वाटायच्या ताडपत्र्या आत्ताच वाटून टाकल्या. लोक म्हणत, पाळकबाई थकत कशा नाहीत. ते ऐकलं की त्यांची मान खाली जाई. मंडळीचे सेक्रेटरी सुभाष साळवी यांना मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. ते म्हणाले की वकील करू, मदत करू, पण तुमच्या सहीचं आपण होऊन कशाला काढायचं? आपल्यावर बोट ठेवायला टपलेली माणसं कमी नाहीत. उद्या गावात होईल, या लोकांनीच आदिवासींची घरं घालवली. ते खोटं बोलत नव्हते. आशालताबाईंना तो सल्ला मनातून हवासाच वाटला, आणि हवासा वाटला याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

वाडीत दोष शुक्रीवर आला होता. शिकली आणि घर बुडवलं, असं बायका तिच्या तोंडावर म्हणत. विहिरीवर ती पोहोचली की बाकीच्या आपले हंडे उचलून बाजूला होत. बुधा तिच्याशी बोलत नव्हता. हे सगळं आशालताबाईंना दवाखान्याच्या रांगेत एका बाईने सांगितलं आणि त्या तिथूनच टेपाकडे निघाल्या.

शुक्री ओढ्याच्या काठी सुकी लाकडं मोळीत बांधत होती. आशालताबाई तिच्यासमोर दगडावर बसल्या. कसं सुरू करावं हे त्या वाटभर ठरवत आल्या होत्या. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"त्या कागदावर खालची सही..." त्या म्हणाल्या.

"तुमची हाय," शुक्री म्हणाली. दोरीची गाठ तिने गुडघ्याने दाबून आवळली. "पयलं अक्षर 'आ' निघालं. मंग पुडचं बी जुळलं. तुमीच शिकवलंय ना."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"सांगून?" शुक्रीने हातांवरची धूळ झटकली. "लोकांनी तुमाला येऊ दिलं नसतं. मंग पोरांना दवाखान्यात कोन न्हेनार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भट्टीवर जावं लागतं, पावसात घर गळतं, तसं हेही एक ओझं तिने हिशेब करून उचललं होतं. आशालताबाईंना वाटलं, हिने एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी चिंचेखाली त्यांनी सगळ्यांना बोलावलं. झेरॉक्स उघडली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचली. शेवटची ओळही वाचली, आणि त्याखालचं स्वतःचं नावही वाचलं. मी वाचून दाखवलं नव्हतं, त्या म्हणाल्या. मीही वाचलं नव्हतं. मला घाई होती.

बुधा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे बघत होता. कमळाबाई, वाडीतली सगळ्यांत वयस्कर, जमिनीवर काटकीने रेघा ओढत बसली होती.

"मी शुक्रीकडं बगून अंगठा नाय दिला," ती म्हणाली. "तुमच्याकडं बगून दिला."

मग माणसं एकेक करून उठून गेली. कोणी चहा विचारला नाही. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

त्यांनी तहसील कचेरीत अर्ज दिला, त्यात स्वतःची चूक लिहिली. मंडळीत दोन रविवार कुजबुज झाली. तिसऱ्या रविवारी काही खुर्च्या रिकाम्या होत्या. सुभाष साळवी मात्र आले, आणि उपासनेनंतर नेहमीसारखे हॉलच्या खिडक्या लावायला थांबले. दरम्यान कचेरीकडून चौकशी होईपर्यंत जागा रिकामी करण्याला मनाई मिळाली आणि जबाबासाठी सगळ्यांना बोलावणं आलं.

पहिली पाळी शुक्रीची होती. ती नवं लुगडं नेसून आली होती. कारकुनाने प्रश्न विचारत जबाब कॉम्प्युटरवर टाइप केला, दोन पानं छापून तिच्यासमोर सरकवली आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं. शुक्रीने पेन उचललं नाही.

आशालताबाई शेजारच्या बाकावरून उठल्या आणि त्यांनी पानांकडे हात नेला.

"दे, मी वाचून दाखवते."

"तुमी नको, बाई," शुक्री म्हणाली. अगदी हळू, त्यांना खाली बसायला सांगावं तसं. "साहेब वाचतील."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पानं परत घेतली. तो एकसुरी आवाजात वाचू लागला. आशालताबाई बाकावर बसल्या; हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. 'सदर कागद पाण्याच्या नळाबाबत असल्याचे आम्हास सांगण्यात आले' इथे शुक्रीने त्याला थांबवलं.

"कोनी सांगितलं, ते लिवलंय का?"

कारकुनाने खालची ओळ पाहिली. "लिहिलंय. हितेश भोईर आणि पाळक आशालता थोरात यांनी."

"हां. पुडं वाचा."

वाचून संपलं तेव्हा तिने पेन घेतलं आणि प्रत्येक अक्षर सुटं काढत दोन्ही पानांवर सही केली. मग ती उठली आणि तिने खुर्ची आशालताबाईंसाठी मोकळी केली. त्यांचा जबाब छापून यायला आणखी अर्धा तास गेला. शुक्रीची सुकापूरकडे जाणारी बस साडेबाराची होती आणि सव्वाबारा झाले होते. आशालताबाईंनी सवयीने पेनचं टोपण काढलं.

"वाचा सावकाश," बाकावर बसलेली शुक्री म्हणाली. "बस गेली तर दुसरी येल."

त्यांनी टोपण परत लावलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.