अर्धं बोट खाली

“आता इथं?” तिनं टाचेच्या पुढच्या खळग्यात अंगठा रुतवला.

“छान.”

“दुखत नाही, मास्तर?”

“अजिबात नाही. पोरी, तुझा हात आता बसला हो.”

पायवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मास्तरांचं कौतुक म्हणजे उंबराचं फूल. असतं म्हणतात, पण पाहिलेलं कुणीच नाही. सोळा वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती आणि गेले दोन महिने दर रविवारी ते फूल तिच्या ओटीत पडत होतं. पहिल्यांदा पडलं तेव्हा तिनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, “मास्तरांचं वय झालं असेल.” त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीच्या दुकानाला लागून तिची पाय दाबून द्यायची खोली होती. दोन खुर्च्या, दोन टब, घरघर करणारा पंखा आणि भिंतीवर तळपायाचा रंगीत तक्ता. पोट कुठं, मान कुठं, डोळे कुठं, सगळं त्यात रंगवलेलं. गिऱ्हाईक मात्र तक्ता बघायला येत नसे. उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर मऊ झालं, की कंडक्टर, नर्स, दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली असे सगळे सुजलेले पाय घेऊन यायचे. आधी दहा मिनिटं पाय गार पाण्यात. मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसायचे, तेलाचं बोट लावायचं आणि त्यानंतर अंगठा. निघताना माणूस आपल्याच पायांकडे नव्यानं बघत निघायचा.

ती स्वतःही अशीच आली होती, कापडाच्या दुकानातून, दहा तास उभी राहून. तेव्हा ही खोली मास्तरांची होती. “उभ्यानंच जन्म काढणार आहेस का?” असं विचारून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. शिकवणं म्हणजे ओरडणं. “अर्धं बोट खाली! तिथं काय गुदगुल्या करतेस?” हे अर्धं बोट तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही तिचा अंगठा खाली सरकायचा. चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या अंगठ्याचे सांधे धरले, तेव्हा त्यांनी खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. त्यानंतर दर रविवारी दुपारी ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसत आणि पाय पुढे करून तिची परीक्षा घेत. त्यांचा एक नियम होता. दुखतं तिथं दाबायचं. पण नेहमी दुखणारी जागा दुखेनाशी झाली, तर हुरळून जायचं नाही, का ते विचारायचं.

हा नियम तिला पाठ होता. गेले दोन महिने तो तिला आठवला नव्हता, एवढंच.

तिनं उजवा पाय झाला म्हणून डावा मांडीवर घेतला आणि टॉवेलनं पुसला. टॉवेलला ओलसर तांबूस डाग लागला. तिनं पाय वाकवून पाहिलं. करंगळीच्या खाली रुपयाएवढा फोड फुटला होता. आत बारीक खडे रुतले होते.

“मास्तर, हे काय झालं?”

“काय?”

“फोड आलाय.”

“कुठं?”

ते ‘कुठं’ ऐकून ती गार पडली. डोळे मिटून तळपायाचा कण न् कण सांगणारा माणूस विचारत होता, कुठं.

“उन्हात चालला होता का?”

“छे. गच्चीवर कुंड्यांना पाणी घातलं, अनवाणी. अकरा-बारा वाजले असतील. फरशी काही तापली नव्हती.”

या दिवसांत बाराच्या उन्हात गच्चीच्या फरशीवर बोट टेकवत नव्हतं. पायवालीनं कोरडा टॉवेल त्यांच्या डोळ्यांवर टाकला.

“हा काय पोरखेळ?”

“परीक्षा. तुम्ही नाही का घेत? सांगा, कोणतं बोट धरलंय?”

“अंगठा.”

तिच्या चिमटीत करंगळी होती.

“आता?”

“आता करंगळी.”

तिनं हातच लावलेला नव्हता.

तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर पहिलं रडू मास्तरांसाठी नव्हतं. तिचा हात बसलाच नव्हता. बधिर पायाला सगळेच हात छान लागतात. क्षणभर तिच्या मनात आलं, फोड धुवावा, पट्टी बांधावी आणि गप्प बसावं. कौतुक तरी राहील. पण काट्याचा नायटा झालेले पाय तिनं पाहिले होते. तिनं फोड स्वच्छ पाण्यानं धुतला, वर धुतलेलं फडकं बांधलं आणि उठून म्हणाली, “चला. दवाखान्यात जायचंय.”

“डॉक्टर मला पाय शिकवणार?” मास्तरांनी टॉवेल भिरकावला. “अगं, तळपायात सगळं शरीर आहे.”

“शरीर असेल हो. पण तुम्हाला पाय कुठं आहेत?”

“जीभ फार चालायला लागली. चार शब्द बरे बोललो, ते पचले नाहीत वाटतं.”

“ते शब्द परत घ्या, मास्तर. ते माझ्या हाताचे नव्हते. तुम्हाला कळतच नाहीये.”

मास्तरांचा चेहरा पडला. मग लाल झाला. त्यांनी चपलांत पाय सरकवले आणि तरातरा दाराकडे निघाले. “पुन्हा या खोलीची पायरी चढणार नाही,” असं म्हणत ते पायरी उतरलेसुद्धा.

“मास्तर,” ती मागून म्हणाली, “एक चप्पल इथंच राहिली.”

मास्तर थांबले. त्यांनी खाली पाहिलं. फडकं बांधलेला डावा पाय तापल्या पायरीवर नुसताच टेकलेला होता. ते बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

ती चप्पल घेऊन गेली, खाली बसली आणि त्यांचा पाय उचलून चपलेत नीट बसवला. मास्तरांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला.

एवढ्यात कंडक्टर बूट हातात घेऊन आला. “ताई, निघालात? आणि माझे पाय?”

“टब भरलेला आहे, बुडवून बसा. जाताना किल्ली इस्त्रीवाल्याकडे द्या. आधी मला रिक्षा थांबवून द्या.”

त्यानं अनवाणीच पळत जाऊन रिक्षा आणली.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं मास्तरांच्या तळपायाला एक बारीक दोरा ठिकठिकाणी टेकवून, कळतंय का ते विचारून पाहिलं. रक्तातली साखर मोजली. आकडा बघून भुवया उंचावल्या आणि पाय धुतला कुणी म्हणून विचारलं. “मी,” पायवाली म्हणाली. “आणि दोन महिने दाबतेय. खूश होऊन दाबतेय.”

“आज आणलंत ना?” डॉक्टरीण म्हणाली. “आठवड्यानं आणलं असतंत, तर पायाचं काही सांगता आलं नसतं. आता पाय वाचेल असं वाटतंय. करंगळीचं बघू.”

करंगळी गेली. पाय राहिला.

त्या दिवसांत पायवालीनं खोली एक दिवसही बंद ठेवली नाही, पण तिथं एक नवं काम सुरू झालं. टबात पाय बुडवण्याआधी प्रत्येकानं डोळे मिटायचे आणि ती कोणतं बोट धरतेय ते सांगायचं. “ताई, पाय दाबायला आलोय, पेपर द्यायला नाही,” कंडक्टर कुरकुरला. “नापास झालात तर दवाखाना,” ती म्हणाली आणि त्याचं बोट धरलं. सगळी बोटं बरोबर येईपर्यंत ती पाण्याला पाय लावू देत नसे. नर्स, दुकानातल्या मुली, कुणालाही सूट नव्हती.

संध्याकाळी ती वॉर्डात जायची. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. दहा दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. ती स्टुलावर बसायची, वर्तमानपत्रानं वारा घालायची आणि वेळ संपली की निघायची. रागावले असतील तर असोत, येणं थांबवायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

अकराव्या दिवशी मास्तर तिच्याकडे वळले. बँडेज बांधलेल्या पायाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“पायाला हात लावायचा नाही म्हणालीय ना ती डॉक्टरीण?”

“हो, मास्तर.”

“हाताला नाही म्हणाली?”

“नाही.”

त्यांनी उजवा हात तिच्यापुढे उघडा धरला. तिनं तो मांडीवर घेतला. सांधे सुजलेले, बोटं वाकडी झालेली. याच हातानं तिला सगळं शिकवलं होतं. तिनं अंगठा तळव्याच्या मधोमध ठेवला आणि हळूच दाबला.

“स्स्! आई गं!” मास्तर ओरडले. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. “तिथं कुठं दाबतेस? सोळा वर्षांत एवढं कळू नये? अर्धं बोट खाली!”

“चुकलं, मास्तर,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. डोळे तसेच ठेवून तिनं अंगठा अर्धं बोट खाली सरकवला.