अकरावा

ग्लेनिसने कॅराव्हॅनच्या पत्र्यावर मूठ आपटली. आतून काहीच उत्तर येईना, तेव्हा तिने पायातला बूट काढला आणि टाचेने दार बडवलं.

"ब्रोडी! ऊठ रे मेल्या! उन्हं वर आली!"

दार बोटभर उघडलं. आधी बिअरचा वास आला, मग ब्रोडी. त्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता.

"मेंढ्यानं दाबलं गं मावशी, कुंपणावर. मनगट गेलं."

"मग डाव्या हाताने खेळ."

"मावशी..."

"धावू नकोस. कुणाला अडवू नकोस. कोपऱ्यात नुसता उभा राहा. एवढंसुद्धा नाही करणार?"

ब्रोडीने गळ्यातला हात जरा वर उचलून दाखवला. बोटं वांग्यासारखी सुजली होती. ग्लेनिसने बूट परत पायात सरकवला आणि ती गाडीकडे वळली.

माणसं कमी म्हणून बुरांगा गावाचा रग्बी संघ या मोसमात दोनदा मैदानात उतरलाच नव्हता. तिसऱ्यांदा तसं झालं, की क्लब लीगमधून कायमचा बाहेर. एरवी संघ तेरा जणांचा, पण अकरा असले तरी रेफरी शिटी वाजवत असे. त्या रविवारी सकाळी त्यांच्याकडे दहा जण होते, आणि त्यात क्लबचा अध्यक्ष मर्व धरलेला होता. मर्व पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेला.

कत्तलखाना बंद पडल्यापासून गावातली पोरं खाणींकडे निघून गेली होती. ग्लेनिसला हे कळत नव्हतं असं नाही. पण लेसशी लग्न करून ती या गावात आली, तेव्हा एका आठवड्यापुरत्या म्हणून संघाच्या जर्सी धुवायला घेतल्या होत्या, त्या परत कुणी मागितल्याच नाहीत. पुढे संत्री कापणं, घोट्यांना पट्ट्या बांधणं, पडलेल्याकडे पाणी घेऊन धावणं, सगळं तिच्याकडेच आलं. मूलबाळ झालं नाही. लेस गेला, त्याला मूठमाती दिल्यावर दुसऱ्या दिवशीही ती मैदानावर हजर होती. घरी बसून काय करायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

सकाळपासून ती बेकरीत जाऊन आली होती, पेट्रोलपंपावर, चर्चच्या दारात. नव्या शिक्षकाला तिने हात जोडले. तो म्हणाला, मी बुद्धिबळ खेळतो.

धान्याच्या कोठारांमागच्या रस्त्यावर तिने गाडी थांबवली ती कर्ट फॅनिंगच्या घरासमोर. त्याचा भाऊ खाणीवरून सुट्टीवर आलाय का, एवढंच विचारायचं, असं तिने स्वतःला बजावलं. त्याची बायको टानिया, तिची गाडी दारात नव्हती. रविवारी ती वृद्धाश्रमात कामाला असते, हे ग्लेनिसला ठाऊक होतं.

कर्ट ओट्याजवळ उभा होता. शेगडीची बटणं काढून ठेवलेली होती, नुसत्या लोखंडी दांड्या बाहेर आल्या होत्या. तो घरी एकटा असला की टानिया ती पर्समध्ये घालून कामावर न्यायची.

"मावशी! ये ना. चहा... चहा टानिया आल्यावर."

"तुझा भाऊ आलाय का रे?"

"नाही." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "माणसं कमी पडतायत?"

गेल्या मोसमात खेळताना दोघांच्या गुडघ्यांमध्ये कर्टचं डोकं सापडलं होतं. ते पहिल्यांदा नव्हतं. गवतावर त्याचं अंग झटके देत होतं, तेव्हा ते डोकं ग्लेनिसनेच दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. पुन्हा कधीही नाही, असं डॉक्टरांनी टानियासमोर आणि तिच्यासमोर सांगितलं होतं.

"मी येतो ना," कर्ट म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "बूट आहेत माझे. टानियाने माळ्यावर टाकलेत, पण मला माहितीयत."

ग्लेनिस हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तो माळ्यावर चढला, तेव्हा तिने शिडी धरली.

कपडे बदलायच्या खोलीत कर्टला पाहून गलका थांबला. मग मर्व पुढे झाला आणि त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बाहेरच्या बाजूला उभं करू याला. चेंडू तिकडे जाऊच द्यायचा नाही." मग आवाज उतरवून तो ग्लेनिसला म्हणाला, "रेफरी बाहेरगावचा आहे. त्याला काय माहीत? तू आणलंस, बरं केलंस. वाचवलंस बघ आपल्याला."

बाकी कुणी वर पाहिलं नाही. ग्लेनिसने एकेकाचा घोटा मांडीवर घेऊन पट्ट्या बांधल्या. मर्वच्या गुडघ्याला तर दोन रीळं लागली. शेवटी ती कर्टपाशी आली.

"आज कुणाशी आहे गं?"

"टालबॉटशी."

"त्यांचा तो जाड्या अजून खेळतो?"

"खेळतो."

तो हसला. ती त्याच्या घोट्यावर पट्टी फिरवत राहिली.

"मावशी, आज कुणाशी आहे?"

तिचा हात थांबला. "टालबॉटशी," ती म्हणाली.

बाहेर टालबॉटची पोरं अंग गरम करत एकमेकांवर आदळत होती. ते आवाज भिंतीतून ऐकू येत होते. कर्टने बूट घातले, बंदाची दोन टोकं दोन हातांत धरली आणि त्यांच्याकडे बघत बसला. बराच वेळ बसला. मग अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाला,

"जरा बांध ना."

ग्लेनिस गुडघ्यांवर बसली. एका बुटाची गाठ तिने घट्ट मारली. दुसऱ्याची टोकं हातात घेतली आणि सोडून दिली. मग पहिली गाठही सोडवली.

"काढ बूट."

"का? छान बसलेत की."

"काढ, राजा."

ती उठली आणि मैदान ओलांडून रेफरीकडे गेली. मर्व लंगडत तिच्या मागे आला.

"झाले ना अकरा?" रेफरीने विचारलं.

"नाही. दहाच आहेत."

"आत मी अकरा जण पाहिले."

"तो खेळाडू नाही. मॅच बघायला आलाय."

"ग्लेनिस!" मर्वचा आवाज चिरकला. "काय बोलतेयस, कळतंय का तुला? आपण संपलो! ऐक रे, हिचं ऐकू नकोस तू..."

पण रेफरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. त्याने शिटी खिशात टाकली.

मर्व तिच्यासमोर उभा राहिला. "माझ्या बापाने हे गोलचे खांब रोवलेत," तो म्हणाला. तो वळला.

टानिया आली ती कामाच्या गणवेशातच. कुणीतरी तिला फोन केला असावा. कर्ट पायरीवर अनवाणी बसला होता. तिने त्याचं डोकं चाचपलं, डोळे पाहिले, पट्टी बांधलेला घोटा पाहिला, आणि मग ती ग्लेनिसकडे आली.

"तू गेलीस त्याला आणायला. मी घरात नाही बघून."

"हो."

"तू डोकं धरलं होतंस त्याचं. तू!"

सामना रद्द झाल्याचं टानियाला माहीत नव्हतं. बाजूला उभ्या पोरांपैकी एकाने सांगायला तोंड उघडलं, तर ग्लेनिसने त्याला हातानेच गप्प केलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कर्ट मागच्या काचेतून तिला हात करत होता.

टालबॉटची बस गेली. पोरं खोलीत परतली आणि जिथे जागा मिळेल तिथे बसून राहिली. मग एकजण घोट्याकडे हात करून म्हणाला, "मावशी, निघत नाहीये गं. केस ओढले जातात."

तिने कात्री घेतली. एकेकजण तिच्यासमोर बसत गेला. पट्टी कापली की तो बॅग उचलायचा, क्षणभर घुटमळायचा आणि जायचा. एकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांनी नाही.

सगळे गेले असं वाटून तिने कात्री पुसली, तर दारात मर्व उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तो तिच्याकडे न बघता आत आला, बाकावर बसला, आणि वाकता येत नसल्यामुळे दोन्ही हातांनी आपला पाय उचलून त्याने तिच्या मांडीवर ठेवला.

"हळू काप," तो म्हणाला.