ठिगळ्यासाठी नवा शब्द

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात मोठ्या बाईंचा शब्द खाली पडत नसे. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, चार मशिनं, कापड बेतायचं भलंमोठं टेबल आणि भिंतीला टेकवून उभे केलेले तागे. मुलगा टेम्पोतून पडदे पोचवायचा आणि खिडक्यांना लावून द्यायचा. सून मशिनवर बसायची. मोठ्या बाई कापड बेतायच्या आणि बाकीच्यांच्या चुका काढायच्या. दुसरं काम त्यांना जास्त छान जमायचं. शिवण एक दोरा वाकडी गेली की त्या म्हणायच्या, "उसव." शिवण सरळ असली की काहीच म्हणायच्या नाहीत. त्यावरून माणसांनी काय ते समजून घ्यायचं.

त्यांच्या टेबलाखाली ठिगळ्या झोपायचा. पांढरं अंग आणि डाव्या कानापासून डोळ्यापर्यंत काळा डाग, जुन्या चादरीला घाईघाईत लावलेल्या ठिगळासारखा. हनुवटी बाईंच्या पावलावर. "पायाला ऊब लागते म्हणून ठेवलाय," असं त्या विचारणाऱ्याला सांगायच्या. भर उन्हाळ्यातही हेच सांगायच्या.

घरात हा कुत्रा संत होता. मागच्या मैदानात दोरी सुटली की मात्र त्याला ना आई ना बाप. मैदान संपलं की रस्ता, आणि ठिगळ्याला मैदानापेक्षा रस्ता प्यारा. दोरीनंच फिरवावा तर दिवसभराची रग अंगात साठायची आणि घरी येऊन तो गिऱ्हाइकांच्या पडद्यांच्या झालरी फाडायचा.

तिसऱ्यांदा तो रस्त्यात घुसला तेव्हा एक सायकलवाला पडला. कोपर सोलपटलं, तोंड शाबूत राहिलं, आणि ते त्यानं अर्धा तास वापरलं. मुलगा एका गिऱ्हाइकाच्या खिडकीवर रॉड अर्धवट लोंबकळत ठेवून धावत आला. संध्याकाळी तो जेवायला बसला नाही, उभाच राहिला.

"आई, महिनाअखेरपर्यंत बघतो. हाकेला आला तर राहील. नाहीतर गावाबाहेरच्या गोदामवाल्याला देऊन टाकतो. मी शब्द दिलाय त्याला."

"गोदामात काय करणार तो?"

"साखळीला राहील. भुंकेल."

"तूही लहानपणी रस्त्यात पळायचास. तुला दिला होता का कुणाला?"

"मी हाक मारली की यायचो."

"डोंबल यायचास! मी धावत येऊन कानाला धरून आणायची."

सुनेनं तोंडावर पदर धरला. मुलगा मात्र हसला नाही, तेव्हा बाईंनी ओळखलं की हा या वेळी खरंच बोलतोय.

दुसऱ्या दिवशी त्या ठिगळ्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीण वयानं त्यांच्या धाकट्या बहिणीएवढी, हातावर मांजरांचे ओरखडे.

"याच्या कानात काहीतरी बिघाड आहे. हाक ऐकू येत नाही," बाईंनी रोग सांगून टाकला.

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याच्या पाठीमागे बिस्किटाचा कागद चुरगाळला. ठिगळ्या गर्रकन वळला.

"कान झकास आहेत. तुम्ही हाक कशी मारता?"

"जशी मारतात तशी. ये इकडे ठिगळ्या, म्हणते."

"आणि आल्यावर?"

"दोन ठेवून देते. एवढा वेळ कुठे उलथला होतास म्हणून. मग बांधते आणि घरी आणते."

डॉक्टरीणबाईंनी चुरगाळलेला कागद टोपलीत टाकला. "मग मीसुद्धा आले नसते," त्या म्हणाल्या.

बाईंना हे झोंबलं. डॉक्टरीणबाईंनी मग सगळं समजावून दिलं. हाक म्हणजे मार आणि खेळ खलास, एवढं कुत्रा शिकलाय. जुनी हाक वाया गेली, ती आता सोडून द्या. नवा शब्द घ्या. त्या शब्दावर आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या आणि परत खेळायला सोडा. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा सोडा. लांब दोरी लावून शिकवा. "फक्त शब्द असा घ्या, जो तुम्ही कधी रागावून उच्चारला नसेल. त्याला तुमचा आवाज पाठ आहे."

बाई कारखान्यात परतल्या. "सोपं आहे," म्हणाल्या. "एक शब्द तर शोधायचा."

सगळे शोधायला बसले तेव्हा कळलं, किती सोपं ते. "बाळा" म्हणावं, तर "बाळा, डोळे घरी विसरलास का" हे पडदे इस्त्री करणाऱ्या पोक्त माणसाला रोजचंच. "राजा" तर टोमण्याशिवाय त्या तोंडातून कधी निघालाच नव्हता. "चल" म्हणजे चालतं हो. "या" म्हणजे उशिरा येणाऱ्याचं स्वागत. "बरं" असं त्या म्हणाल्या की मशिनवरची मुलगी आपोआप उसवायला घ्यायची. एकेक शब्द पुढे यायचा आणि तोंड पाडून परत जायचा.

"शाबास घ्या," सून म्हणाली. मान खाली, हात मशिनवरच. "तो तुमचा कोरा आहे. अठरा वर्षांत मी एकदाही ऐकला नाही."

मशिनं थांबली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"शाबास म्हणण्यासारखं कुणी काही केलं, तर म्हणेन ना," बाई म्हणाल्या.

पण शब्द तोच ठरला. दुसरा नव्हताच.

म्हणायला गेल्या तर जमेना. पहिल्याच "शाबास"ला ठिगळ्या टेबलाखाली शेपूट घालून बसला. त्याची तरी काय चूक, ऐकणाऱ्याला "थांब, बघते तुला" असंच वाटलं असतं. तेव्हा बाई ताग्यांच्या कोठडीत शिरल्या, आतून कडी घातली आणि शिकू लागल्या. बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी हसलं नाही, कारण ती कडी आतून होती आणि केव्हाही निघाली असती.

पाच-सहा दिवसांत आवाज मऊ झाला. मग मैदान. कमरेला अंड्याची पिशवी, हातात झालरीची लांबलचक नाडी, आणि बाई शाबास, शाबास करत उभ्या. एक जाडजूड गृहस्थ रोज मैदानाला धापा टाकत फेऱ्या मारायचे. त्यांना वाटलं, आपल्यालाच. ते दर वेळी हात वर करून आभार मानायचे आणि आणखी जोरात पळायचे. बाईंनी त्यांचा गैरसमज काढला नाही. त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

ठिगळ्या यायला लागला. आधी नाडीच्या टोकापासून, मग अर्ध्या मैदानातून. आला की अंडं, आणि "जा." जाऊ देणं बाईंना येऊ देण्यापेक्षा जड जायचं. हाती लागलेली वस्तू सोडायची त्यांना सवय नव्हती. एकदा त्यांनी मोह होऊन पट्टा धरला, तर पुढचे दोन दिवस तो चार हात लांब उभा राहूनच अंड्याची वाट बघायचा. मग त्यांनी हात पाठीमागे बांधून ठेवायची शिस्त स्वतःला लावली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुलगा टेम्पो मैदानाच्या कडेला लावून आला. सूनही आली.

"सोड," तो म्हणाला.

बाईंनी नाडी सोडली. ठिगळ्यानं दोन गोल चकरा मारल्या, आणि तेवढ्यात रस्त्याकडच्या मोडक्या कुंपणाजवळ एक मांजर दिसलं. पुढचं सांगायला नको. कान मागे टाकून तो सुटला, सरळ रस्त्याच्या रोखानं.

"ठिगळ्या! ये इकडे, मेल्या!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. महिन्याभराचं शिकणं कुठल्या कुठे गेलं.

कुत्र्यानं वेग वाढवला.

मुलानं धावायला पाऊल उचललं. बाईंनी हात आडवा घातला. त्यांना त्या क्षणी कुत्र्याची पाठ सोलून काढायची होती. तो नेमकं नको ते करत होता, चारचौघांत, आणि आता त्याला शाबास म्हणायचं होतं. त्यांनी एक श्वास घेतला आणि कोठडीत शिकलेला आवाज बाहेर काढला.

"शाबास!"

कुंपणाच्या पलीकडून मालाची गाडी गेली. ठिगळ्याचं एक पाऊल हवेत राहिलं. मांजर कुंपणावर, अंडं इकडे. तो वळला. आधी चालत, मग पळत आला आणि बाईंच्या पुढ्यात बसला.

"धर, धर आता!" मुलगा ओरडला.

बाईंनी त्याला अंडं भरवलं. काळा डाग होता तिथे एकदा बोट फिरवलं. मग हात पाठीमागे घेतले.

"जा," त्या म्हणाल्या.

"आई! रस्ता आहे तिथे!"

"दिसतोय मला. मांजर अजून कुंपणावर आहे तेही दिसतंय. तू गप्प उभा राहा."

ठिगळ्या गेला. कुंपणापर्यंत गेला, मांजराकडे मान वर करून बघितलं. मुलानं सुनेचा दंड घट्ट धरला होता, तो तिला दुखत असणार. बाईंनी घाई केली नाही. मांजर उठून पलीकडे उडी मारायच्या बेतात आलं तेव्हा त्यांनी हाक दिली, पहिल्यापेक्षा हलक्या आवाजात. ठिगळ्या मागे न बघता आला.

मुलानं खिशातून फोन काढला आणि थोडा बाजूला जाऊन गोदामवाल्याशी बोलला. त्याला शब्द फिरवायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं लांबलं. परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?"

"दुसरा बघतो म्हणाला. शिवाय बरंच काही म्हणाला."

"म्हणू दे," बाई म्हणाल्या, आणि ठिगळ्याला पुन्हा सोडलं. पिशवीत अजून अर्धं अंडं होतं.