माझं बुजलेलं भोक

साहेब, माझं बुजलेलं भोक तुम्ही पुन्हा पाडलंत. तेही भर दुष्काळात!

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी तांब्याची घागर आहे. लातूरच्या तांबटाने मला ठोकून घडवलं. ज्ञानोबाने मला बायकोसाठी, नागुबाईसाठी आणलं, पण मी राहिले त्याच्याच खांद्यावर. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, तो पाणी भरायचा.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातल्या पोरांनी नाक्यावर धाड घातली. दोन्हीकडून गोळ्या सुटल्या. एक गोळी ज्ञानोबाच्या मानेतून आरपार होऊन माझ्यात शिरली. तो पडला, मी पडले. चौथ्या दिवशी निजामाच्या माणसांनी येऊन सूड म्हणून आमचं गाव जाळलं.

भोक पडलेली मी चोवीस वर्षं कोपऱ्यात होते. बहात्तरच्या दुष्काळात नागुबाई खडी फोडायला जायची. तिने भोक बुजवायला मला डाख मारून घेतला आणि माझ्यातलं पाणी ती डोळे मिटून प्यायली. त्यानंतर मी पुन्हा कामाची झाले.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला इतिहास हवा होता. दोन प्राध्यापक आले.

लातूरचे सिद्रामप्पा सर म्हणाले, "धाड म्हणजे पराक्रम. बंदुका हाती आल्या म्हणून पुढची गावं वाचली."

नांदेडचे साहेबराव सर उसळले, "आणि हे गाव जळलं त्याचं काय? चार महिन्यांत भारताची फौज येणारच होती. एक पाणक्या मारून कसला पराक्रम?"

"फौज येणार हे त्या पोरांना स्वप्नात दिसलं होतं का?"

मग दोघे माझ्यावर वाकले. गोळी नाक्याकडून आली की धाडवाल्यांकडून, हे त्यांना माझ्या भोकावरून ठरवायचं होतं! त्यावरून ज्ञानोबा हुतात्मा ठरणार होता, नाहीतर निजामाचा चाकर.

नागुबाई म्हणाली, "सर, घागर गोल हाय. तिला पुढं-मागं असतंय का?"

"मावशी, ते कुणाच्या बाजूचे होते?"

"आदल्या दिवशी वढ्यात लपलेल्या पोरांनी बी ह्याच घागरीतलं पाणी पिलं. त्या दिवशी नाक्यावरचे पिणार व्हते. लिहा की दोन्ही!"

सिद्रामप्पांनी फक्त पहिलं वाक्य लिहिलं. साहेबरावांनी दुसरं.

आणि जिल्हा कचेरीतले साहेब, तुम्ही तर दोघांच्या वर गेलात. "आठ दिवसांत परत देतो," म्हणून मला प्रदर्शनाला नेलंत. भोक नीट दिसावं म्हणून डाख खरवडून काढलात. मला काचेत ठेवून खाली लिहिलंत, 'शत्रूच्या गोळीची खूण'. मी तिथं होते, साहेब. गोळी कुणाची होती ते मलाही ठाऊक नाही!

महिना झाला. पुन्हा दुष्काळ. नागुबाई तेलाचा डबा काखेत घेऊन कचेरीत आली.

"घागर द्या. गावात टँकर यायलाय."

"आजी, ती आता जिल्ह्याची हाय," कारकून म्हणाला. "हात लावू नका."

"जिल्हा पाणी पितोय का तिच्यातून?"

कारकून हसला. ती हसली नाही. काचेवर बोट ठेवून माझ्या भोकाकडे बघत राहिली. ज्ञानोबाला नेताना तिने जसं पाहिलं होतं, अगदी तसंच.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा. पण जिची आहे तिला विचारून जपा.

आणि साहेब, तुम्ही खाली मान घालू नका. पहिलं भोक कुणाच्या गोळीनं पडलं ते मी तुम्हाला विचारत नाही. हे दुसरं भोक कुणी पाडलं? नागुबाई दारात उभी आहे. तिला सांगा.