वरच्या शेतातले अकरा

त्या घरात कुणी मेलं तर 'वरच्या शेतात गेला' असं म्हणायची पद्धत होती. घरामागच्या चढावर दगडी कुंपण घातलेला अर्ध्या एकराचा तुकडा, त्यात लाकडी खांबांच्या चार रांगा आणि प्रत्येक खांबावर कोरलेलं एकेक नातं. नाव एकाही खांबावर नाही. घर वसवणाऱ्या मूळपुरुषाचं म्हणणं असं, की नावं परक्यांसाठी असतात. घरात कोण कुणाला नावाने हाक मारतं? त्यामुळे चाळीस खांबांवर 'थोरली सून', 'मधला मुलगा', 'मामा' अशी मंडळी आणि खाली गेल्याचं वर्ष. आत्या एकूण चार. त्यातली कुठली कुठली हे ज्याला विचारायचं असेल त्याने अर्ध्या दिवसाची सवड काढूनच यावं.

खांब लाकडाचे, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत कुजायचेच. मग घरात जो सुतार असेल त्याने जुना उपटायचा, तसाच नवा कोरायचा आणि तिथेच रोवायचा. सध्या हे काम धाकटीकडे होतं. धाकटी एकसष्ट वर्षांची. गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर वाढत होता, पण हाक अजून तीच. ती बदलायची तर घरात तिच्याहून धाकटं कुणीतरी यायला हवं होतं, आणि दादाने तर लग्नच केलं नाही.

दादा म्हणजे थोरला भाऊ. गणिताचा मास्तर, आता निवृत्त, वय त्र्याहत्तर. अगदी नाकासमोर चालणारा. स्वतःच्या आतेभावाला अर्ध्या गुणाने नापास करून त्याच संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेलेला, आणि वर दोनदा भात मागून घेतलेला माणूस.

एके दिवशी सकाळी कचेरीचं पत्र आलं. घराची खाजगी दफनभूमी ठेवायची असेल, तर प्रत्येक थडग्याचं घराशी नातं लिहून द्या, रक्ताचं किंवा लग्नाचं. ज्यांचं नातं नसेल त्यांना वर्षभरात गावच्या दफनभूमीत हलवावं लागेल. यापुढे जागाही नात्यातल्यांनाच, त्यासाठी जिवंत माणसांची यादी जोडा. मोजणीच्या बाई उद्या सकाळी येतील. खाली सही घरातल्या वडीलधाऱ्याची.

दादाने पत्र दोनदा वाचलं आणि खूश झाला. "चाळीसही आपल्या नात्यागोत्याचे. दहा मिनिटांचं काम. अक्षर तुझं चांगलं, यादी तू कर, मी सही ठोकतो."

धाकटीचा घास तोंडातच राहिला. कारण चाळीसातले अकरा घराचे कुणीच नव्हते, आणि हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

खांबाचा खालचा दीड हात जमिनीत जातो. तो आधी आगीवर काळा करायचा, मग त्याला डांबर लावायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. या दीड हातात घरातले सुतार पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट कोरत आले होते. पहिल्या रांगेतला पहिला खांब घ्या. वर 'भाऊ'. खाली बारीक अक्षरात: 'भाऊ नव्हे. वाटेत भेटला. झरा याने दाखवला आणि तापाने गेला. याला एकटं टाकून पुढे जाववेना, म्हणून इथेच घर बांधलं.' 'थोरली सून'च्या खाली: 'दाई. नऊ पोरं हिच्या हातात जन्मली, नऊही जगली.' एका 'मामा'खाली: 'कोण ते कळलं नाही. पुरातून आपली दोन पोरं काढली, तिसऱ्याला आणायला गेला.' आणि चार आत्यांतली एक तर चक्क भाडेकरू होती. तिने घरातल्या बायकांना वाचायला शिकवलं होतं. कुंपणात घरचीच माणसं, हा नियम मूळपुरुषाचाच. पण ज्याचे उपकार फिटण्यासारखे नसतात त्याला कुंपणाबाहेर कसं ठेवायचं? मग घरातलं वडील माणूस सुताराकडे येऊन नुसतं नातं सांगायचं. सुतार वर ते कोरायचा, खाली खरं कोरायचा आणि तोंडाला कुलूप लावायचा.

बाबांनी हे सगळं धाकटीच्या विसाव्या वर्षी तिच्या हाती सोपवलं. दादाचा आणि पटाशीचा छत्तीसचा आकडा. साधी खुंटी ठोकायला गेला तर भिंत खाली यायची. बाबा सुतार, आणि त्यांच्या मागे सुतार ती.

आता धाकटी कुठून आली तेही सांगायला हवं. ती तीन वर्षांची असताना रस्त्याच्या कामावरची एक बाई तिला बाबांच्या कारखान्याच्या दारात बसवून गेली. संध्याकाळी नेते म्हणाली. ती संध्याकाळ काही उगवली नाही. बाबांनी पोरीला जेवू घातलं, दुसऱ्या दिवशीही घातलं, आणि पुढे कुणी मोजलंच नाही. दादाची आई तेव्हा जाऊन पाच वर्षं झाली होती. पंधरा वर्षांचा दादा रोज शाळेत जाण्याआधी तिच्या दोन वेण्या घालायचा. भांग वाकडा पडायचा, म्हणून पट्टी धरून पाडायचा.

हे सगळं धाकटी एक दिवसही विसरली नव्हती. तिला एकच हवं होतं आणि ते तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं: वेळ आली की बाबांच्या डाव्या हाताची मोकळी जागा मिळावी. पण जिवंतांच्या यादीत तिने दादाला लिहिलं, शहरातल्या चुलत भावंडांना लिहिलं आणि स्वतःला गाळलं. मिळालं तेच ओंजळीत मावत नव्हतं, वर आणखी काय मागायचं?

गप्प बसली असती तर अकराही जण सुखाने पडून राहिले असते. पण दादाच्या सहीखाली त्याला न सांगता खोटं जाऊ द्यायचं तिच्या जिवावर आलं. दुपारी तिने त्याला कारखान्यात बोलावलं. दाईचा जुना खांब नुकताच उपटलेला, बाकावर आडवा होता. तिने डांबर खरवडून दाखवलं.

दादाने चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला.

"असे किती?"

"अकरा. पहिल्यापासून." आणि तिने अकराही खांबांच्या तळाशी काय कोरलंय ते एकेक करून सांगितलं.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे जन्मभर मला वेड्यात काढलंत!" दादाचा आवाज चढला. "चारचौघांत मी छाती काढून सांगतो, आमच्या वरच्या शेतात परका माणूस नाही! मी खोट्यावर सही करत नाही, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, म्हणून तर दाखवलं," धाकटी म्हणाली.

दादा पाय आपटत निघून गेला. संध्याकाळी जेवायला आला नाही. धाकटीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि दाईच्या नव्या खांबाला डांबर लावत बसली. उद्या तो रोवायचा की दाईसकट गावात पाठवायचा, हे आता तिच्या हातात नव्हतं.

सकाळी मोजणीच्या बाई आल्या. टोपी, फीत, काखेत जाडजूड वही. दादा इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाशी उभा. धाकटीकडे त्याने पाहिलंही नाही. तिचा जीव टांगणीला लागला.

बाई पहिल्या खांबाशी थांबल्या. "भाऊ. कुणाचा?"

दादाने घसा खाकरला. "ज्याने घर बांधलं त्याचा. हा नसता तर घरच झालं नसतं."

बाईंनी लिहिलं. धाकटीने श्वास सोडला. दाईच्या थडग्याशी खांबाचा नुसता खड्डा होता. बाईंनी यादीत पाहिलं. "थोरली सून. मुलंबाळं?"

"नऊ," दादा म्हणाला. "नऊही जगली."

असं करत करत दादा अकराही जणांना पार घेऊन गेला. शब्द एकही खोटा नाही आणि ताकास तूर लागू दिली नाही. मामाशी मात्र तो बाईंच्या आधीच थांबला आणि त्याने आपणहून खांबाला हात लावला. एवढ्या वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं. धाकटीला वाटलं, आता आपलं काही राहिलं नाही, यांची जागा राहिली हेच फार झालं. मनातल्या मनात तिने दादाचे आभार मानले आणि फावडं आणायला वळली.

"आणि या कोण?" बाईंनी विचारलं. "जिवंतांच्या यादीत दिसत नाहीत."

"मी सुतारकाम..." धाकटीने सुरुवात केली.

"यादीत चूक राहिली आहे," दादा मध्येच म्हणाला. "लिहा. माझी बहीण. जागा बाबांच्या डाव्या हाताला."

धाकटी खिळल्यासारखी उभी राहिली. ही जागा तिने कुणापाशी मागितली होती?

"जन्मवर्ष?"

धाकटीने सांगितलं. बाईंचं पेन वहीवर टेकलं आणि थांबलं. बाबांच्या उजव्या हाताचा खांब त्यांच्या समोरच होता. वर 'आई', खाली वर्ष. त्यांनी ते वर्ष पाहिलं, वहीत पाहिलं.

"मास्तर, तुमची आई यांच्या जन्माआधी दोन वर्षं गेलेली दिसते."

"मी सदतीस वर्षं गणित शिकवलंय, बाई," दादा म्हणाला. "वजाबाकी येते मला."

बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं: एक ताठ म्हातारा, आणि डांबराने माखलेल्या हातांची, डोळे पुसायचीही सोय नसलेली एक म्हातारी. मग त्यांनी पेन पुन्हा वहीवर टेकवलं.

"नुसती बहीण लिहू, का सख्खी?"

"सख्खी," दादा म्हणाला, आणि सही करायला पेन मागितलं.